तीन तपासण्या, तीन आकडे : यकृताच्या ताठरपणाचा कोणता अहवाल धरावा?

रावपुरेकर

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाच्या यकृताविषयी विचारायचे आहे. त्यांचे वय 58, मधुमेह जुना, वजन 94 किलो आणि उंची बेताचीच. दारूला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. गुजरातेत जन्म काढलेल्या माणसाबद्दल हे खरे तर सांगावे लागू नये, पण यकृताचे नाव निघाले की नातेवाइकांच्या मनात आधी तेच येते. मधुमेहाच्या डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यात पोटाची सोनोग्राफी करून घेतली, तिच्यात 'ग्रेड 2 फॅटी लिव्हर' असे आले, आणि तेव्हापासून आमच्या घरात आकड्यांचा गोंधळ चालू आहे.

फेब्रुवारीत फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती ताठर झाले आहे ते मोजणारी तपासणी, झाले, त्यात 11.8 किलोपास्कल आले. ऑगस्टमध्ये दुसऱ्या केंद्रावर सोनोग्राफीच्याच यंत्रावर 'शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफी' केली, तिचा आकडा 8.4. आता पोटाच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून अहमदाबादला एमआर इलॅस्टोग्राफी करून आलो, तर अहवालात 3.4 किलोपास्कल. भाऊ खूश आहेत. "अकरावरून तीनवर आलो" असे ते येईल त्याला सांगतात, आणि बंद केलेला लीला चिवडा संध्याकाळच्या चहाबरोबर पुन्हा सुरू झाला आहे. वहिनींचे म्हणणे असे की, तीन ठिकाणी तीन आकडे येत असतील तर एकही खरा नाही, त्यापेक्षा सुईने तुकडा काढून एकदाचा निकाल लावावा.

रक्ताचे आकडे असे : यकृताची विकरे एएसटी 46 आणि एएलटी 58, प्लेटलेट 1,72,000. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे. तोपर्यंत निदान काय विचारायचे ते तरी आम्हाला कळावे, एवढ्यासाठी हा प्रश्न.

निवृत्त_अभियंता

आपल्या बंधूंना एवढ्यात खूश होऊ देऊ नका. तिन्ही यंत्रांचे मूळ तत्त्व एकच आहे : यकृतात एक आडवी कंपनलहर उठवायची आणि ती किती वेगाने पुढे सरकते ते पाहायचे. ऊती जितकी ताठर, तितकी लहर वेगवान. वेगाच्या वर्गाला घनतेने गुणले की शिअर मोड्युलस मिळतो, आणि त्याची तिप्पट केली की यंग मोड्युलस; दोन्ही ताठरपणाचीच मापे. फायब्रोस्कॅन यंग मोड्युलस छापते, तर एमआर इलॅस्टोग्राफी शिअर मोड्युलस छापते. दोन्हींचे एकक किलोपास्कलच असल्यामुळे माणूस फसतो. लहरीचा वेग सेकंदाला 2 मीटर असेल तर एक यंत्र 12 लिहील आणि दुसरे 4. यकृत मात्र तेच.

तेव्हा 3.4 ची तिप्पट करा, 10.2 येतात. म्हणजे आकडे 11.8, 8.4 आणि 10.2 असे वरखाली झालेले दिसतात. सरळ उतरलेले नाहीत. दहाच्या पुढे आजार बराच वाढल्याची शंका घेतात असे माझ्या वाचनात आहे, म्हणून मी तरी वहिनींच्या बाजूने आहे.

क्षकिरण_मांजलपूर

मी रेडिओलॉजिस्ट आहे. अभियंतासाहेबांचे पदार्थविज्ञान बरोबर आहे आणि 3.4 हा आकडा 11.8 शेजारी ठेवून 'उतरला' म्हणणे चूक आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दाही बरोबर आहे. पण तिप्पट करून एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या तक्त्यात बसवणे हे तितकेच चूक आहे, आणि त्यातून उगाच भीती वाढते.

कारण असे की यकृत हे शुद्ध लवचिक नाही, त्यात चिकटपणाही आहे, आणि अशा ऊतीत लहरीचा वेग कंपनांच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. फायब्रोस्कॅनची सळई बरगड्यांमधल्या जागेवर 50 हर्ट्झचा हलका ठोका देते. एमआर इलॅस्टोग्राफीत उजव्या बरगड्यांवर एक चपटी तबकडी पट्ट्याने बांधतात, खोलीबाहेरच्या यंत्रातून नळीवाटे तिला 60 हर्ट्झची कंपने पोहोचवतात आणि रुग्णाला श्वास सोडून रोखायला सांगून चित्रे घेतात. सोनोग्राफीच्या यंत्रात तर बाहेरून ठोका नसतोच; ध्वनिलहरींच्या एका तीव्र झोताने यकृताच्या आतच लहर उठवली जाते, आणि तिच्यात याहून वरच्या अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात. मोजमापाची जागाही वेगळी. फायब्रोस्कॅन सुमारे 1 सेंटिमीटर जाड आणि 4 सेंटिमीटर लांब असा एक दंडगोल मोजते, एमआर यकृताच्या अनेक छेदांवरचा मोठा भाग मोजते. म्हणून प्रत्येक पद्धतीचा तक्ता बायोप्सीशी, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीशी, ताडून स्वतंत्रपणे तयार केलेला आहे, आणि प्रत्येक आकडा आपापल्याच तक्त्यात वाचायचा असतो.

आता तसे वाचून पाहू. मेदयुक्त यकृतात फायब्रोस्कॅनचा आकडा 8 च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याची तंतुमयता (यकृतात वणासारखे कठीण तंतू साठणे) असण्याची शक्यता कमी, 12 च्या वर असेल तर शक्यता बरीच, आणि मधला पट्टा संदिग्ध. सोनोग्राफीवर आधारित पद्धतीत 5 पर्यंत सामान्य धरतात. 9 च्या खाली, इतर काही लक्षणे नसतील तर, बराच पुढे गेलेला आजार नाही असे म्हणतात, आणि 13 च्या वर तो आहे असे धरून चालतात. एमआरमध्ये, 60 हर्ट्झवर, 2.5 च्या खाली सामान्य, 2.5 ते 2.9 मध्ये सामान्य किंवा नुसती सूज; 2.9 ते 3.5 म्हणजे साधारण पहिला किंवा दुसरा टप्पा. 5 च्या वर सिरोसिस, म्हणजे तंतुमयतेचा शेवटचा, चौथा टप्पा.

या हिशेबाने तुमच्या बंधूंचे 8.4 आणि 3.4 हे दोन आकडे भांडत नाहीत. दोन्ही एकच सांगतात : यकृत निरोगी नाही, तंतू धरू लागले आहेत, पण पुढचा टप्पा आलेला दिसत नाही. एकटा पडतो तो 11.8.

जाता जाता, सोनोग्राफीतल्या 'ग्रेड 2' बद्दल. ती चरबीची प्रत आहे, तंतुमयतेचा टप्पा नव्हे. साध्या सोनोग्राफीत चरबीमुळे यकृत पांढरट दिसते, आणि तीही चरबी बऱ्यापैकी साठल्यावरच. सुरुवातीची तंतुमयता तीत दिसत नाही. पृष्ठभाग खडबडीत दिसू लागतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे 'ग्रेड 1 वर आलो' म्हणून निर्धास्त झालेले आणि 'ग्रेड 3' ऐकून हबकलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक आमच्याकडे रोज येतात.

तुमच्या रक्ताच्या आकड्यांवरून 'फिब-4', म्हणजे तंतुमयतेचा अंदाज देणारा आकडा, काढला. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचे वर्गमूळ : 58 गुणिले 46 म्हणजे 2668, खाली 172 गुणिले 7.62 म्हणजे सुमारे 1310, उत्तर 2.04. या वयात 1.3 च्या खाली काळजी नाही आणि 2.67 च्या वर दाट शंका, असे मानतात. तुमचे बंधू मधे येतात, म्हणजे त्यांना इलॅस्टोग्राफीकडे पाठवणे योग्यच होते.

आता एक करा. फेब्रुवारीची फायब्रोस्कॅनची छापील चिठ्ठी शोधा. 11.8 च्या शेजारी 'आयक्यूआर' नावाचा आकडा असेल, तो आणि प्रोबचे (त्वचेवर टेकवायच्या सळईचे) अक्षर इथे लिहा. तपासणीआधी त्यांनी काय आणि किती वाजता खाल्ले होते, हेही आठवत असेल तर लिहा.

रावपुरेकर

चिठ्ठी मिळाली. मीडियन 11.8, आयक्यूआर 3.9, दहा वैध मापने, प्रोब 'एम', कॅप 318. वेळ दुपारी 4 वाजून 10 मिनिटे. खाण्याचे सांगायचे तर त्या दिवशी दांडियाबाजारात मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता आणि आम्ही पंगतीतून दोन-सव्वादोनला उठलो. जेवणात बासुंदी होती, यापेक्षा जास्त विचारू नये. केंद्रावर कोणी उपाशी आहात का असे विचारल्याचे आम्हा दोघांनाही आठवत नाही.

क्षकिरण_मांजलपूर

मग उलगडा झाला.

फायब्रोस्कॅन एक ठोका देऊन थांबत नाही. किमान दहा वैध मापने घेते आणि त्यांचा मध्यक छापते. ती दहा मापने आपसांत किती विखुरलेली आहेत ते आयक्यूआर सांगतो. तो मध्यकाच्या 30 टक्क्यांच्या आत असावा लागतो, विशेषतः मध्यक 7 च्या वर असताना. इथे 3.9 भागिले 11.8, म्हणजे 33 टक्के. एवढ्यावरच तो अहवाल 'पुन्हा करावा' या वर्गात जातो.

दुसरे जेवण. पोटभर जेवल्यावर आतड्यांकडून यकृताकडे येणारा रक्तप्रवाह वाढतो आणि यकृत काही काळ ताठर होते. ज्याच्या यकृतात आधीच तंतू आहेत त्याच्यात हे अधिक दिसते. म्हणून निदान 3 तास काही न खाता तपासणी करावी, असा दंडक आहे. तुमच्या बंधूंना जेमतेम दोन तास झाले होते.

तिसरा प्रोब. 'एम' प्रोब त्वचेपासून साधारण 25 ते 65 मिलिमीटर खोलीवर मोजतो. जाड माणसात त्वचा आणि यकृताचे आवरण यांमधले अंतरच 25 मिलिमीटरच्या वर जाते, आणि मग आकडा खऱ्याहून वर येऊ शकतो किंवा विस्कळीत येतो. त्यासाठी 'एक्सएल' प्रोब असतो, तो 35 ते 75 मिलिमीटरवर मोजतो. 94 किलोच्या बेताच्या उंचीच्या माणसाला तो लावायला हवा होता. बहुतेक यंत्रे स्वतःच सुचवतात, पण केंद्रावर दुसरा प्रोबच नसला तर सूचना तशीच राहते.

कॅपचा 318 हा आकडा चरबीचा आहे. 100 ते 400 या मापावर तो बराच वर आहे, म्हणजे यकृतात चरबी भरपूर आहे एवढाच त्याचा अर्थ, 11.8 शी त्याचा संबंध लावू नये.

याखेरीज हृदय कमजोर असून यकृतात रक्त तुंबले असेल, पित्तनलिका अडली असेल किंवा कावीळ नुकतीच होऊन गेली असेल, तरी आकडा फुगतो. यकृताभोवतीचे आवरण फारसे ताणले जात नाही, त्यामुळे आत काहीही दाटले की बाहेरून ते ताठरच लागते. तुमच्या बंधूंमध्ये यांपैकी काही नसावे, पण डॉक्टरांना विचारताना हृदयाचे एकदा विचारा.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे वहिनींच्या सूचनेवर थोडे.

बायोप्सी म्हणजे अंतिम निकाल, ही समजूत इतकी घट्ट आहे की तिची मर्यादा सांगायला आम्हालाच संकोच वाटतो. सुईत येणारा तुकडा साधारण अख्ख्या यकृताच्या 50 हजारांश असतो. तंतुमयता सगळीकडे सारखी नसते. त्याच यकृतात दोन जागी सुई घातली तर एका टप्प्याचा फरक पडणे अजिबात दुर्मीळ नाही. तुकडा किमान 15 मिलिमीटर, शक्यतो 20 ते 25 मिलिमीटर लांब असावा असे आम्ही सांगत असतो, आणि काचेवर कित्येकदा त्याचे तीन कपटे येतात. शिवाय वेदना आणि, क्वचित का होईना, रक्तस्राव. असा उद्योग दरवर्षी करून आजारावर लक्ष ठेवता येत नाही.

मात्र डॉक्टरसाहेबांच्या 'दोन्ही आकडे एकच सांगतात' या वाक्याला मी थोडी पुरवणी जोडेन. प्रतिमातपासण्या दोन टोकांना उत्तम चालतात : काहीच नाही हे सांगायला आणि सिरोसिस आहे हे सांगायला. पहिला टप्पा की दुसरा, हे त्या एवढ्या खात्रीने सांगू शकत नाहीत, आणि एमआर त्यांत सर्वांत बरी असली तरी तिलाही ते अवघडच जाते. पूर्वी या फरकाने व्यवहारात फार बिघडत नसे. आता दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यासाठी औषधे येऊ लागली आहेत, त्यामुळे फरक पडतो. पेशी फुगल्या आहेत का, सूज किती आहे, हे आजही सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. तेव्हा तपासण्या खरोखर परस्परविरुद्ध असतील, किंवा मेदाखेरीज दुसरा आजार, समजा रोगप्रतिकारशक्तीमुळे झालेला, असल्याची शंका असेल, तर बायोप्सी जरूर करावी. तुमच्या बाबतीत विरोध होता तो एका सदोष मापनाचा, आणि त्यासाठी सुई घालू नये असे माझे मत आहे.

निझामपुऱ्याची_ताई

मला हिपॅटायटिस सी होता. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो गेला. माझा अनुभव आकडा 'उतरण्या'बद्दल आहे, म्हणून लिहिते.

उपचाराआधी माझे फायब्रोस्कॅन 16.2 होते. वर्षभराने त्याच यंत्रावर, उपाशीपोटी, 9.8 आले. मी लगेच डॉक्टरांना विचारले की आता सहामाही सोनोग्राफी थांबवायची ना. त्यांनी ठाम नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की विषाणू गेल्याबरोबर यकृताची सूज ओसरते आणि आकडा भराभर खाली येतो. त्यातला किती भाग सुजेचा आणि किती तंतू खरोखर विरघळल्याचा, हे आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. उपचारांपूर्वी ज्याचा आजार एवढा पुढे गेला होता त्याला यकृताच्या कर्करोगाचा धोका राहतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची. मी ती करते, न कुरकुरता असे म्हणणार नाही.

तुमच्या दादांचा आजार वेगळा आहे, पण चिवडा सुरू करण्याआधी त्यांना एवढे सांगा की खाली आलेला आकडा आणि बरे झालेले यकृत या दोन गोष्टी आहेत. आणि त्यांचा तर खाली आलेलाच नाही.

निवृत्त_अभियंता

वारंवारतेचा मुद्दा मान्य. माझ्या विषयातही कंपन बदलले की चिकट-लवचिक पदार्थाचा ताठरपणा बदलतो, हे आम्ही रबराच्या बाबतीत नेहमी मोजत आलो. एक शंका : मग दोन एमआर तपासण्यांत 3.4 आणि नंतर 3.1 आले, तर सुधारणा झाली असे म्हणायचे का?

क्षकिरण_मांजलपूर

नाही म्हणता येणार. हा प्रश्न आमच्याकडे फार कमी लोक विचारतात, आणि देखरेखीचे सगळे गणित यावरच उभे आहे. एमआर इलॅस्टोग्राफीत त्याच रुग्णाचे, त्याच प्रकारे केलेले मापन 19 टक्क्यांहून जास्त बदलले, तरच तो बदल खरा असल्याची 95 टक्के खात्री देता येते. 3.4 चे 19 टक्के म्हणजे सुमारे 0.65. म्हणजे पुढच्या वेळी 2.75 च्या खाली आले तर सुधारणा, 4.05 च्या वर गेले तर वाढ, आणि मधे काहीही आले तर यकृत आहे तिथेच आहे असे समजावे. फायब्रोस्कॅनमध्ये ही अनिश्चितता याहून कमी नाही. एकदोन दशांशांनी आकडा हलला म्हणून पेढे वाटू नयेत, आणि रडूही नये.

रावपुरेकर

सर्वांचे मनापासून आभार. भावाला 33 टक्क्यांचे गणित वहीत मांडून दाखवले. चिवड्याचा डबा सध्या वहिनींच्या ताब्यात आहे. शेवटचे विचारतो : यापुढे कोणती तपासणी, किती दिवसांनी? दर वेळी अहमदाबाद गाठायचे का?

क्षकिरण_मांजलपूर

निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, पण मी त्यांच्या जागी असतो तर असे करीन. एक पद्धत निवडून तीच धरून ठेवायची. रोजच्या देखरेखीसाठी फायब्रोस्कॅन पुरेसे आहे आणि ते बडोद्यात होते. मात्र 'एक्सएल' प्रोब असलेल्या केंद्रावर, सकाळी उपाशीपोटी, आणि तेही लवकरच एकदा, म्हणजे पुढच्या तुलनेसाठी आधाराचा आकडा नव्याने मिळेल. 11.8 फाइलमध्ये असू द्या, पण तुलनेला घेऊ नका. मधुमेह आहे म्हणून वर्षाने फिब-4 आणि फायब्रोस्कॅन पुन्हा करावे. तो आकडा चढत गेला, किंवा 'एक्सएल' प्रोबनेही मापने विखुरलेलीच आली, तर पुन्हा एमआर. त्यांच्या शरीरात पेसमेकर नसेल आणि यकृतात लोह साठलेले नसेल तर एमआरला अडचण नाही; लोह जास्त असले की नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या चित्रांत यकृताचा संदेशच हरवतो आणि मापन फसते. तुमच्या अहवालात तसे लिहिलेले दिसत नाही.

प्लेटलेटवर लक्ष ठेवा. त्या दीड लाखांच्या खाली आल्या किंवा फायब्रोस्कॅन 20 च्या वर गेले, तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी एंडोस्कोपीचा विचार करतात. आज त्याची गरज नाही.

वजनाचे सांगायचे तर शरीराच्या वजनात 10 टक्के घट झाली की तंतुमयता मागे हटण्याची शक्यता बरीच वाढते. त्यांच्यासाठी ते सुमारे साडेनऊ किलो झाले. कमाटीबागेत सकाळी अर्धी बडोदेकर मंडळी चालत असतातच, त्यांना सोबतीची वाण पडणार नाही.

अहमदाबादच्या केंद्राकडून नुसता कागद न घेता चित्रांची सीडी मागून घ्या. अहवालात 3.4 कोणत्या भागाची सरासरी आहे हे पुढच्या रेडिओलॉजिस्टला चित्रांवरूनच कळते, आणि बरीच केंद्रे जुनी चित्रे काही काळाने काढून टाकतात. पुढच्या फायब्रोस्कॅनच्या चिठ्ठीवर प्रोबचे अक्षर, आयक्यूआर आणि शेवटचे खाणे किती वाजता झाले, एवढे तिथेच पेनाने लिहून घ्या.